गाठी कुणाला नसतात?

८ मार्चच्या कार्यक्रमाची आखणी करायला आम्ही वस्तीतल्या बालवाडीत बसलो होतो. एका सेवाभावी क्लबाचं पत्र आलं होतं. स्तनांच्या एक्स-रेची, म्हणजे मॅमोग्राफीची व्हॅन ते एक दिवस आमच्या वस्तीत आणून उभी करणार, तीस वर्षांवरच्या शंभर बायकांची तपासणी फुकट करणार. आम्ही फक्त बायका जमवायच्या आणि बॅनरवर त्यांच्या प्रायोजक कंपनीचं नाव घालायचं. नव्या मुली खूश झाल्या. दर वर्षी भाषणं आणि गाणी, यंदा काहीतरी ठोस! मी म्हणाले, जरा थांबा. त्यावर एक जण पटकन म्हणाली, "ताई, तुम्हाला फुकट मिळणाऱ्या गोष्टीतसुद्धा खोट दिसते."

दोन तास वाद झाला. चहा दोनदा झाला. वाद मिटला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. माझ्यासारखाच घोळ इतर गटांतही होत असणार, कारण अशी पत्रं हल्ली सगळ्यांनाच येतात.

माझ्या मनात त्या वेळी आमच्याच गल्लीतल्या दोघी होत्या. पहिली घरकाम करणारी, बेचाळीस वर्षांची. उजव्या स्तनात गाठ लागली, पण दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं तिनं धरलं. मुलीचं लग्न तोंडावर होतं. चार महिन्यांनी जवळच्या डॉक्टरकडे गेली, त्यानं हात न लावताच ताकदीच्या गोळ्या दिल्या. मोठ्या दवाखान्यात सुईची तपासणी झाली तेव्हा अकरा महिने उलटून गेले होते आणि कातडी फुटली होती. ती आज नाही. दुसरी एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. बोटाखाली सटकणारी सुपारीएवढी गाठ. एका खासगी नर्सिंग होममध्ये सांगितलं, "आत्ताच काढा, पुढे कॅन्सर होईल." आईनं गळ्यातलं गहाण टाकून ऑपरेशन केलं. रिपोर्ट आला साध्या गाठीचा, ज्याला डॉक्टर फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणतात. पण तोवर सासरच्या होऊ घातलेल्या लोकांच्या कानावर 'छातीत गाठ' एवढंच गेलं होतं. सोयरीक मोडली.

एकीला गाठीची भीती वाटायला हवी होती, तिला वाटली नाही. दुसरीला वाटायला नको होती, तिला ती विकली गेली. व्हॅन आली असती तर या दोघींपैकी कुणाचं काय झालं असतं, एवढंच मला त्या बैठकीत विचारायचं होतं. त्यासाठी आधी स्तनात होतं काय, हे नीट समजून घेऊ या.

स्तन हा काही गुळगुळीत पिशवीसारखा अवयव नाही. त्यात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आहेत, नळ्या आहेत, त्यांना धरून ठेवणारे तंतू आणि चरबी आहे. दर महिन्याच्या पाळीबरोबर हे सगळं फुगतं आणि ओसरतं. गरोदरपणात वाढतं, दूध तुटल्यावर आक्रसतं, पाळी जायच्या वयात ग्रंथी विरत जातात. तीस-चाळीस वर्षं हा चढउतार चालतो. तो प्रत्येक वेळी काटेकोर कसा होईल? कुठे एखादी नळी फुगून पाण्याची गाठ होते, कुठे तंतू दाट होतात, कुठे नळीच्या आतल्या पेशींचा एक थर जास्तीचा चढतो. पाळीच्या आधी स्तन जड होणं, खडबडीत लागणं, दुखणं हे यातूनच येतं.

डॉक्टरी पुस्तकांत याला कितीतरी वर्षं 'फायब्रोसिस्टिक डिसीज' म्हणत. डिसीज म्हणजे रोग. अमेरिकेतल्या शल्यविशारद सुझन लव्ह आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८२ साली एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात सरळ प्रश्न केला, की हा रोग आहे तरी का? हातानं तपासलं तर निम्म्या बायकांत हे बदल लागतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर नव्वद टक्क्यांत दिसतात. शंभरातल्या नव्वद जणींमध्ये जे आहे त्याला रोग म्हणायचं, तर निरोगी बाई कुणाला म्हणायचं? हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. या नावाखाली अमेरिकेत कितीतरी बायकांचे स्तन 'खबरदारी म्हणून' आतून पोखरून काढले गेले होते. १९८६ साली तिथल्या विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेनं 'रोग' हा शब्द सोडून 'बदल' म्हणावं असं सुचवलं. पुढच्याच वर्षी वेल्समधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी या सगळ्याकडे वाढीच्या आणि ओसरण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेतले छोटे फेरफार म्हणून पाहायची मांडणी केली. आपल्या आज्या 'दूध साकळलं', 'पाळीचं आहे' म्हणत, त्यांचंही सगळंच चुकत नव्हतं म्हणायचं.

पण मग सगळेच बदल निरुपद्रवी का? नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात ड्यूपाँट आणि पेज या दोघांनी साधी म्हणून काढलेल्या दहा हजारांवर गाठींच्या जुन्या काचा पुन्हा तपासल्या आणि तीन हजारांवर बायकांचं पुढे काय झालं याचा सरासरी सतरा वर्षांचा माग काढला. १९८५ साली त्यांनी जे छापलं त्यावर आजही हे शास्त्र उभं आहे. दर दहा जणींपैकी सात जणींच्या गाठीत पेशींची वाढ नव्हतीच आणि त्यांना कर्करोगाचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त नव्हता. पेशी वाढलेल्या, पण रूप न बदललेल्या बायकांत धोका पावणेदोन-दोन पट. पेशींची वाढ झाली आहे आणि त्यांचं रूपही बिघडू लागलं आहे अशा बायका शंभरात चारच्या आसपास, त्यांना धोका पाच पट. 'कर्करोगपूर्व' हा शब्द शोभतो तो या शेवटच्या चार जणींना. त्यांतल्याही बहुतेकींना पुढे कर्करोग झाला नाही.

तेव्हा आमच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला जे सांगितलं गेलं त्याला आधार नव्हता. तिच्या वयात सापडणारी सटकती गाठ जवळजवळ नेहमीच फायब्रोअ‍ॅडिनोमा असते. हातानं तपासणी, सोनोग्राफी आणि सुई, तिन्ही एकच सांगत असतील तर ती तशीच ठेवता येते. वाढू लागली किंवा तिला स्वत:ला नको असली तर काढावी. पण हा निर्णय घाबरवून घ्यायचा नसतो.

आता बैठकीतल्या दुसऱ्या प्रश्नाकडे. एका मुलीनं विचारलं होतं, "हे सगळं गोऱ्या बायकांचं झालं. आपल्याकडे किती जणींना असतं?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि शास्त्रज्ञांनाही तो पडला होता. ज्या समाजात स्तनांचा कर्करोग कमी, तिथे त्याच्या आधीच्या पायऱ्याही कमी असतात का? अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात गोऱ्या, हिस्पॅनिक आणि मूळनिवासी इंडियन अशा तीन समाजांच्या बायका राहतात आणि तिघींचा धोका वेगवेगळा. तिथे अपघातानं वगैरे मेलेल्या पाचशेहून जास्त बायकांच्या स्तनांचा शवविच्छेदनात अभ्यास झाला, तो नेमका याच प्रश्नासाठी. मेलेल्या बाईच्या शरीराकडे का जायचं? कारण जिवंत बायकांचे आकडे दवाखान्यातून येतात, आणि दवाखान्याच्या रजिस्टरात फक्त दवाखान्यापर्यंत पोचलेली बाई असते.

हे जरा थांबून लक्षात घेण्यासारखं आहे. न्यूयॉर्कमधली विमा असलेली बाई थोडं खडबडीत लागलं तरी डॉक्टरकडे जाते, तिची बायॉप्सी होते, रिपोर्टात 'बदल' लिहिला जातो आणि तिच्या समाजाचा आकडा एकानं वाढतो. आमच्या गल्लीतल्या बाईला तसंच खडबडीत लागलं तर ती पाठीला बाम चोळते त्याच बोटानं तिथेही चोळते आणि कामाला जाते. तिचा बदल कुठल्याच रजिस्टरात नाही. मग पुस्तकात छापतात, 'आशियाई स्त्रियांत हे प्रमाण कमी आढळते'. आढळायला कुणी पाहिलं तर पाहिजे ना!

उलटही होतं. आपल्याकडच्या दवाखान्यांतून स्तनांच्या क्षयाच्या गाठी दिसतात, युरोपात त्या जवळजवळ दिसतच नाहीत. आपल्या जुन्या वैद्यकीय अहवालांत स्तनांच्या तक्रारींसाठी शस्त्रक्रिया झालेल्या दर शंभर बायकांत तीन-चार जणींना क्षय निघाल्याच्या नोंदी आहेत. यात स्तनांचा दोष काय? घरात कोंडलेली हवा, अर्धपोटी बाई आणि पूर्ण न झालेला टीबीचा कोर्स, हे सगळं तिच्या छातीत गाठ होऊन बसतं. मग कुणी डॉक्टर त्यालाच कर्करोग समजतो, कुणी कर्करोगाला क्षय समजून सहा महिने गोळ्या देतो. लोकसंख्येतला फरक म्हणून जे सांगितलं जातं त्यात असं पुष्कळ काही मिसळलेलं असतं.

शवविच्छेदनाचे आकडे तरी निर्मळ असतील असं वाटतं. तेही पूर्ण नाहीत. डेन्मार्कमध्ये १९८७ साली छापलेल्या एका अभ्यासात विशीपासून पन्नाशीपर्यंतच्या ११० बायकांचे स्तन मृत्यूनंतर बारकाईनं तपासले. पाचातल्या एकीत, म्हणजे २२ जणींत, कर्करोगाच्या पेशी निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींत त्या नळीच्या किंवा ग्रंथीच्या आतच होत्या, बाहेर पसरलेल्या नव्हत्या. या बायका दुसऱ्याच कारणानं मेल्या होत्या आणि जवळजवळ कुणालाच आपल्या स्तनात असं काही आहे याची गंधवार्ता नव्हती. दहा वर्षांनी, १९९७ साली, वेल्च आणि ब्लॅक या अमेरिकी डॉक्टरांनी असे सात अभ्यास शेजारी शेजारी ठेवले. नळीतच थांबलेल्या कर्करोगाचं प्रमाण एका अभ्यासात शून्य, तर एकात पंधरा टक्के! मधला आकडा नऊ टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक का? एका ठिकाणी दर स्तनाच्या नऊ काचा पाहिल्या होत्या, दुसऱ्या ठिकाणी दोनशे पंचाहत्तर. जितकं जास्त पाहिलं तितकं जास्त सापडलं.

मला विचाराल तर व्हॅनबद्दलच्या माझ्या शंकेचं मूळ या एका वाक्यात आहे. नळीतच थांबलेल्या या बदलाला डीसीआयएस म्हणतात. मॅमोग्राफी येण्याआधी तो क्वचित सापडे. २०२४ या एका वर्षात अमेरिकेत तो ५६ हजार ५०० बायकांत सापडेल असा तिथल्या कॅन्सर सोसायटीचा अंदाज होता. त्यांतल्या कुणाचा पुढे पसरणार आणि कुणाचा जन्मभर गप्प बसणार हे आज कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून जवळजवळ सगळ्यांवर शस्त्रक्रिया होते. आता कुठे त्याची उलटतपासणी चालू झाली आहे. २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या 'कॉमेट' नावाच्या चाचणीचे आकडे आले. कमी धोक्याचा डीसीआयएस असलेल्या ९५७ बायकांपैकी काहींवर रीतसर शस्त्रक्रिया, काहींवर फक्त बारीक लक्ष. दोन वर्षांनी पसरणारा कर्करोग पहिल्या गटात शंभरात सुमारे सहा जणींना, दुसऱ्यात चार जणींना. दोन वर्षं हा काळ थोडाच आहे, आणखी पुढचे आकडे यायला हवेत. पण इतकी वर्षं सगळ्यांनाच टेबलावर घेण्याची घाई होती, हे त्यातून दिसतंच.

म्हणजे समाजासमाजांत खरा फरक नाहीच का? आहे, आणि तो मोठा आहे. त्यासाठी न्यूयॉर्कला जायला नको. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ पासून कर्करोग नोंदणी चालते, ती देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. मुंबईची त्याहून जुनी, साठच्या दशकातली. मुंबईत दर लाख बायकांमागे जितक्या जणींना स्तनांचा कर्करोग होतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी बार्शीच्या भागात. बार्शीची नोंदणी करणारे लोक गावोगाव जाऊन बायकांशी बोलून नोंदी करतात, त्यामुळे हा फरक नुसता दवाखाना लांब असल्याचा नाही. जपानहून किंवा चीनहून अमेरिकेत गेलेल्या बायकांचा धोका पिढीगणिक वाढत जातो, हेही पक्कं दिसलं आहे. तेव्हा रक्तात असं काही ठरलेलं नसतं. पाळी लवकर येणं आणि उशिरा जाणं, पहिलं मूल उशिरा, मुलं कमी, अंगावर पाजणं कमी, पाळी गेल्यावर वजन वाढणं, दारू, हार्मोनच्या गोळ्या, अशा पुष्कळ गोष्टी मिळून तो फरक पडतो.

इथे एक इशारा मात्र द्यायला हवा. हा मुद्दा आला की वर्तमानपत्रं लगेच मथळा करतात, 'करिअरच्या नादात कॅन्सरला आमंत्रण'. बाई शिकली, नोकरीला लागली, सहा बाळंतपणांतून सुटली, की तिला आजारानं शिक्षा झाली असं सुचवायचं! सहा बाळंतपणांत मरणाऱ्या बायकांची आठवण तेव्हा कुणाला येत नाही. बार्शीकडच्या बाईला हा कर्करोग कमी होतो, म्हणून तिचं आयुष्य मुंबईच्या बाईहून सुखाचं आहे असं कुणी म्हणेल का?

आणि आता तो आकडा, जो मी बैठकीत फळ्यावर लिहिला. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनांचा कर्करोग झाला आणि ९८ हजारांवर बायका त्यानं गेल्या, असा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. वयोमानातला फरक काढून टाकला तर दर लाख बायकांमागे अमेरिकेत हा रोग सुमारे ९६ जणींना होतो, आपल्याकडे सुमारे २७ जणींना. मरतात किती? अमेरिकेत १२, आपल्याकडे १४. रोग एक तृतीयांशाहूनही कमी, आणि मरण त्यांच्याहून थोडं जास्तच.

फळ्यापुढे सगळ्या गप्प झाल्या. तिकडच्या आकड्यात नुसत्या यंत्रानं शोधलेले, कधी त्रासही न देणारे रोग मिसळलेले आहेत हे खरं, त्यामुळे त्यांचा जगण्याचा आकडा थोडा फुगतो. पण ते वजा केलं तरी ही दरी बुजत नाही. आपल्या बायका मरतात त्या सूक्ष्मदर्शकाखालचे बदल न सापडल्यामुळे नव्हे. बोटाला लागणारी, स्वत:ला माहीत असलेली गाठ घेऊन त्या सहा-सहा, अकरा-अकरा महिने फिरतात. कधी लाजेनं, कधी पैशापायी, कधी घरचे सोबत यायला तयार नसतात म्हणून, आणि पुष्कळदा पहिल्या डॉक्टरनं हातच लावला नाही म्हणून.

मग बायकांनी दर महिन्याला स्वत:चे स्तन तपासावेत असं शिकवायचं का? आपल्या कितीतरी शिबिरांत मीही ते शिकवलं आहे, आरशासमोर हात वर करून वगैरे. चीनमधल्या शांघायला कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार बायकांवर याची मोठी चाचणी झाली. १९८९ ते १९९१ मध्ये निम्म्या गिरण्यांतल्या बायकांना नीट प्रशिक्षण दिलं, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली, निम्म्यांना नाही. २००२ साली निकाल आला. शिकलेल्या गटात या रोगानं १३५ मृत्यू, न शिकलेल्या गटात १३१. फरक पडला तो एवढाच, की शिकलेल्या गटात साध्या गाठी जवळजवळ दुप्पट सापडल्या आणि तितक्या जास्त बायका सुरीखाली गेल्या. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. आपण मनापासून केलेल्या कामावर असा आकडा येऊन पडतो तेव्हा तो गिळायला वेळ लागतो. पण त्या गिरणी कामगार बायकांनी दहा-अकरा वर्षं चाचणीत राहून ही माहिती मिळवून दिली आहे, तिच्याकडे पाठ फिरवणं बरोबर नाही. आपल्या शरीराची ओळख असावी, अंघोळीत हात फिरताना नवं काही लागलं तर कळावं, एवढं पुरे. तारखा लावून, धाक घालून नको.

आपल्याजवळची, मुंबईची चाचणी मात्र वेगळं सांगते. टाटा रुग्णालयानं १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांना घेऊन ती सुरू केली. यंत्र नाही, व्हॅन नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हातानं तपासायच्या, असे चार फेरे. २०२१ साली वीस वर्षांचा हिशेब छापून आला. तपासणीच्या गटात हाताबाहेर गेलेले रोगी कमी निघाले, शंभरात ३७, दुसऱ्या गटात ४७. मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण तेवढा फरक योगायोगानंही पडू शकतो असं संख्याशास्त्र म्हणतं. पन्नाशीपुढच्या बायकांत मात्र मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले आणि तो फरक पक्का होता. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंवर ठोस परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीपासून दूर ठेवण्यावरून, विशेषत: त्याच प्रकल्पातल्या गर्भाशयमुखाच्या तपासणीवरून, वाद झाला. त्या बायकांना नेमकं काय सांगून संमती घेतली, हे विचारणाऱ्यांच्या बाजूनंच मी आहे. पण निकाल आपल्या कामाचा आहे. शिकवलेल्या बाईचे हात जे करू शकतात ते आपल्या आवाक्यातलं आहे.

कागदावर ते सरकारनंही मान्य केलं आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बाईचे स्तन आरोग्य कर्मचाऱ्यानं तपासावेत असं आहे. प्रत्यक्षात? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं, की आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी झाली का? हो म्हणणाऱ्या शंभरात एकही पूर्ण भरली नाही, ०.९ टक्के.

आता पुन्हा व्हॅनकडे. 'आपल्याकडे तरुण बायकांना होतो, म्हणून तिशीपासून मॅमोग्राफी' असं त्या पत्रात लिहिलं होतं. आपल्याकडे रोगी तरुण दिसतात त्याचं मोठं कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे. शिवाय तिशी-पस्तिशीत स्तन दाट असतो, दाट स्तन एक्स-रेत पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. असलेली निसटते, नसलेली दिसल्यासारखी वाटते. शंभर बायकांना व्हॅनमध्ये घातलं असतं तर काही जणींच्या हातात 'संशयास्पद, पुढील तपासणी करावी' असा इंग्रजी कागद पडला असता आणि व्हॅन संध्याकाळी निघून गेली असती. त्या कागदाचं पुढे काय करायचं, सुईची तपासणी कुठे, कुणाच्या पैशानं, सोबत कोण जाणार, याबद्दल पत्रात एक ओळ नव्हती. सरकारी योजनेचं कार्ड बहुतेक वेळा निदान झाल्यावर उपयोगी पडतं. निदानापर्यंतचा रस्ता बाई आपल्या खिशातून चालते. आमची बेचाळीस वर्षांची बाई त्या रस्त्यावरच अडकली होती. तिची गाठ शोधायला यंत्र लागत नव्हतं, तिनं स्वत:च ती शोधली होती.

शेवटी आम्ही क्लबाला उत्तर लिहिलं. व्हॅन नको, त्याऐवजी तेवढ्याच पैशांत तीन गोष्टी कराल का? एक, आमच्या आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांना आणि आशाताईंना स्तन हातानं तपासायचं प्रशिक्षण, चाळिशी-पन्नाशीच्या बायकांवर भर देऊन. दोन, बोटाला लागणारी नवी गाठ, स्तनाग्रातून रक्त, नव्यानं आत ओढलेलं स्तनाग्र, कातडीला पडलेली खळी किंवा काखेतली गाठ असलेल्या कुठल्याही वयाच्या बाईची पंधरा दिवसांत सुईची तपासणी, तिथवरच्या गाडीभाड्यासकट. गाठ दुखत नसली तरी. तीन, रिपोर्ट मराठीत समजावून, बाईच्या स्वत:च्या हातात. साधी गाठ असेल तर 'साधी आहे' असं ठळक अक्षरात लिहून, म्हणजे उद्या तो कागद सोयरिकीच्या बैठकीतही दाखवता येईल. ही शेवटची सूचना त्या एकोणीस वर्षांच्या मुलीची. ती आता आमच्या बैठकांना येते.

क्लबाचं उत्तर अजून आलेलं नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांना आम्ही वेगळं निवेदन दिलं आहे. त्यासाठी आम्हाला माहिती हवी आहे. तुमच्या तालुक्यात स्तनांच्या गाठीची सुईची तपासणी सरकारी दवाखान्यात होते का? आठवड्यातून किती दिवस? रिपोर्ट यायला किती दिवस लागतात? बाहेर केली तर किती पैसे पडतात? तुमच्या गटातल्या बायकांना पहिल्यांदा गाठ लागल्यापासून निदान होईपर्यंत किती महिने गेले? नावं नकोत, फक्त वय, गाव आणि महिने. पुढच्या अंकाआधी मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहून पाठवा, पोस्टकार्ड चालेल.